डिकीतली दुसरी बॅटरी

गाडी बंद पडणं वेगळं आणि ती मेहुण्यासमोर बंद पडणं वेगळं. पहिल्यात फक्त उशीर होतो. दुसऱ्यात माणूस उतरतो. गाडीतून तर उतरतोच, पण मेहुण्याच्या नजरेतूनही उतरतो.

माझे मोठे मेहुणे वासुदेवराव अल्लीपूरचे. वीस एकर शेती, पांढरं धोतर, आणि बोलणं असं की समोरच्याने आपली बाजू मांडायला तोंड उघडेपर्यंत यांचा निकाल लागलेला असतो. १९९७च्या दिवाळीनंतर मी जुनी पांढरी गाडी घेतली, तेव्हा ते खास ती पाहायला पिपरी मेघेला आमच्याकडे आले. चहा झाला, गाडीची प्रदक्षिणा झाली, टायरवर चपलेने दोन लाथा मारून झाल्या. मग मी सहज बोलावं तसं म्हणालो, "चला, बसस्टॅंडवर सोडतो." माझी बायको सुलोचना, मुलगी रूपाली आणि शेजारची चार घरं फाटकाशी उभी राहिली. मी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. या वेळी टक्सुद्धा नाही.

"जवाई," वासुदेवराव खिडकीतून म्हणाले, "बैल बसला तर त्याचं शेपूट पिरगाळता येते. याचं काय पिरगाळाव?"

एवढं बोलून ते उतरले, धोतराचा काष्टा आवळला आणि मागून गाडी ढकलू लागले. गल्लीच्या टोकाला गाडी सुरू झाली, पण ती थांबवायची माझी हिंमत होईना. पन्नाशीचा पाहुणा हातात पिशवी घेऊन गाडीबरोबर पळतोय, आधी पिशवी खिडकीतून आत येते, मग टोपी, आणि शेवटी स्वतः पाहुणा येतो, हे दृश्य पिपरी मेघेने पाहिलं. अल्लीपूरने ते ऐकलं. तोवर तिथे माझी ओळख 'जिल्हा परिषदेतले भोयरबाबू' अशी होती. त्या दिवसापासून मी 'धक्क्यावाले जवाई' झालो.

मी त्याच रात्री जेवताना जाहीर केलं की या घरातली गाडी यापुढे बॅटरीअभावी अडणार नाही. सुलोचना म्हणाली, "मंग नवी बॅटरी घ्या ना." तिला मुद्दा समजला नव्हता. नवी बॅटरी मी दुसऱ्या दिवशी घेतलीच. पण नवी बॅटरीसुद्धा एक दिवस जुनी होते, आणि तो दिवस कोणता हे ती आधी कळवत नाही. प्रश्न बॅटरीचा नव्हता, तयारीचा होता.

तयारी म्हटल्यावर सदाशिवराव आले. हे आमचे शेजारी, वीज खात्यातून निवृत्त झालेले. ज्या माणसाने आयुष्यभर खांबावरच्या तारा पाहिल्या, त्याला दोन हात लांबीची तार म्हणजे अगदीच पोरखेळ. त्यांनी सांगितलं की दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून आपल्या बॅटरीला दोन वायरी जोडल्या की गाडी सुरू होते. मी वर्ध्यातली सगळी दुकानं पालथी घातली. असली वायर तयार मिळेना. एका दुकानदाराने मला टेपरेकॉर्डरची वायर दाखवली, दुसऱ्याने विचारलं, "मंडप किती मोठा हाये?" शेवटी सदाशिवरावांनी घरातली उरलेली वायर आणली आणि म्हणाले, "काही होत नाई, भोयरबाबू. करंट करंटच असते."

करंट करंटच असतो हे खरं, पण प्रत्येक वायर वायर नसते. रविवारी सकाळी अंगणात प्रयोग झाला. काढलेली जुनी बॅटरी मी मुकेशकडून चार्ज करून आणली होती. मुकेशचं नालवाडीत वेल्डिंगचं आणि बॅटरी चार्जिंगचं दुकान. वायरी जोडल्या, किल्ली फिरवली, आणि वायरीचं प्लास्टिक मेणबत्तीसारखं गळायला लागलं. काळा धूर निघाला. सदाशिवरावांच्या प्रमिलाबाईंनी कुंपणापलीकडे खाटेवर वाळत घातलेल्या कुरडयांवरून तो सावकाश गेला. सुलोचनाने बादलीभर पाणी फेकलं. ते वायरीवर कमी आणि सदाशिवरावांवर जास्त पडलं. प्रमिलाबाई आठ दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. त्या कुरडया मात्र होळीच्या ताटात आम्हाला आवर्जून पाठवल्या.

ओल्या बंडीतच सदाशिवरावांनी निष्कर्ष काढला, "वायर बारीक झाली." हे त्यांना निवृत्तीनंतर कळलं.

मी मुकेशकडे गेलो. मुकेशचं बोलणं अर्धं हिंदी, अर्धं वऱ्हाडी आणि सगळंच ठाम. "बाबूजी, वेल्डिंगचा केबल घेऊन जा. अंगठ्याएवढा जाड. त्याच्यातून तर हत्ती भी चालू होऊन जाईन." त्याने केबलच्या चार टोकांना दातेरी चिमटे बसवून दिले. दोन्ही केबल काळ्याभोर. कोणता प्लसचा आणि कोणता मायनसचा हे कळावं म्हणून रूपालीने आपली शाळेची लाल रिबीन एका केबलच्या दोन्ही टोकांना बांधली, फुलाची गाठ मारून. मला ती जरा बायकी वाटली, पण नववीतल्या मुलीने तांत्रिक कामात रस घेतला की बापाने सौंदर्याच्या बाबतीत तडजोड करायची असते.

आता मुद्दा असा होता की या केबलला दुसरी गाडी लागते. मोकळ्या रस्त्यावर, उन्हात, दुसरा गाडीवाला थांबेल, त्याचं बॉनेट उघडू देईल, आणि त्याचा माझ्यावर विश्वास बसेल, या तीन गोष्टी एकाच दिवशी घडणं कठीण. म्हणून मी ती चार्ज केलेली बॅटरीच कायम डिकीत ठेवायचं ठरवलं. संत्र्याच्या लाकडी पेटीत, खाली जुनी गोधडी, वर पोत्याचा तुकडा. सुलोचना पाहत होती. म्हणाली, "रूपाली झाली तवा दवाखान्यातून आणतानी एवढी गुंडाळली नव्हती तुमी."

आणि मग आडवा आला जकात नाका.

पिपरी मेघे हे वर्धा नगरपालिकेच्या हद्दीबाहेर, माझं ऑफिस हद्दीत. रोज नाका ओलांडावा लागे. गाडीत डबा आणि छत्री असेपर्यंत कोणी मान वर करून पाहत नव्हतं. पेटी ठेवली त्या दिवशी नाक्यावरच्या बाबूंनी डिकी उघडायला लावली.

"हे काय हाये?"

"बॅटरी."

"गाडीची बॅटरी कुठी हाये मंग?"

"गाडीत."

"अन् हे कोनाची?"

"हीपण गाडीचीच."

त्यांनी बॉनेटकडे बोट दाखवलं, मग डिकीकडे. "गाडी एक अन् बॅटऱ्या दोन? बॉनेटमंधली बॅटरी म्हंजे गाडी. डिकीतली म्हंजे माल."

मी स्टेपनीचा दाखला दिला. ते म्हणाले, "चाक पंचर होते. बॅटरी पंचर होते का?" मी स्वतः वीस वर्षं सरकारी टेबलाच्या त्या बाजूला बसलेला माणूस. आपला प्रश्न बिनतोड आहे हे कळल्यावर बाबूच्या चेहऱ्यावर कोणतं समाधान येतं ते मला ओळखू येतं. मी वाद घातला नाही. तिथेच अर्ज लिहिला : 'सदर बॅटरी ही विक्रीकरिता नसून केवळ धास्तीकरिता आहे, तरी ती आत नेण्याची व सायंकाळी बाहेर आणण्याची परवानगी मिळावी ही विनंती.' अर्ज मंजूर झाला, पण एका दिवसापुरता. दुसऱ्या दिवशी दुसरा. महिनाभर मी रोज सकाळी अर्ज द्यायचो आणि संध्याकाळी ते बाबू पेटीत हात घालून बॅटरी तीच आहे याची खात्री करायचे. शेवटी त्यांच्याच हाताला खाज सुटली, आणि ते दुरूनच ओरडायला लागले, "जा, जा, भोयरबाबू! घेऊन जा तुमची धास्ती!"

इकडे घरी दर रविवारी सराव सुरू झाला. मी बॉनेटपाशी, सुलोचना किल्लीवर, रूपाली हातात कागद घेऊन क्रमाने सूचना वाचणार, आणि सदाशिवराव अंतरावर खुर्ची टाकून बसणार. (अंतराची अट प्रमिलाबाईंची.) पहिल्या रविवारी सतरा मिनिटं लागली, पाचव्या रविवारी चार. गल्लीतली माणसं सकाळचा चहा घेऊन बघायला येऊ लागली.

एवढी जय्यत तयारी, आणि गाडीची बॅटरी मरेचना! डिसेंबर गेला, संक्रांत गेली, थंडी गेली. गाडी एका किल्लीत सुरू व्हायची. मी किल्ली फिरवताना मनात आशा धरायचो आणि इंजिन घुर्र करून माझा अपमान करायचं. एकदा तर मी गाडीचे दिवे मुद्दाम चालू ठेवून झोपायला गेलो. सकाळी उठून बघतो तर रूपालीने ते रात्रीच बंद केलेले. वर मलाच म्हणाली, "बाबा, तुमी विसरून गेलते."

मार्चमध्ये दहावीची परीक्षा आली. बैठ्या पथकात माझी नेमणूक झाली. बैठं पथक म्हणजे परीक्षा केंद्रावर पूर्णवेळ बसून कॉपीवर नजर ठेवणारी माणसं. केंद्र निघालं नेमकं अल्लीपूर. आदेश वाचताना सुलोचना एवढंच म्हणाली, "बसनं जा." मी गाडीने गेलो. नवा पांढरा शर्ट घातला. तो तिनेच खास परीक्षेच्या ड्युटीसाठी शिवून घेतला होता.

बीजगणिताचा पेपर. अकरा वाजता सुरू होणार. साडेनऊ वाजता मी अल्लीपूरपासून पाच किलोमीटरवर होतो. हिंगणघाटकडून येणारा रस्ता मिळतो त्याच्या थोडं पुढे, रस्त्याच्या भरावाखाली निंबाच्या सावलीत एक सरकारी जीप उभी दिसली. तिचं बॉनेट उघडं होतं. झाडाखाली एका पत्र्याच्या ट्रंकेवर एक जाडजूड गृहस्थ बसले होते, शेजारी बंदूकधारी हवालदार, आणि ड्रायव्हर बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरलेला.

ट्रंकेवरचे गृहस्थ म्हणजे झाडे सर, हिंगणघाटकडच्या एका शाळेचे मुख्याध्यापक, आमच्या ऑफिसात येऊन-जाऊन ओळखीचे झालेले. ट्रंकेत अल्लीपूर केंद्राच्या प्रश्नपत्रिका होत्या. ते लघवीला उतरले, ड्रायव्हर नीलेशने जीप सावलीत घेतली आणि इंजिन बंद केलं. ते पुन्हा सुरू झालंच नाही.

"ढकलून पाहिली?" मी विचारलं.

"कोण ढकलन?" नीलेश कातावून म्हणाला. "वर चढ हाये, डिझेल गाडी हाये, अन् हे दोघं जागचे हलून नाई राह्यले."

"हलू कसा?" झाडे सर ट्रंकेवरूनच म्हणाले. "सीलबंद ट्रंक सोडता येत नाई. मी सोडली का नियमभंग."

"अन् सरायले मी सोडू शकत नाई," हवालदार म्हणाले. "मले बंदोबस्त ट्रंकीचा हाये, पण ट्रंक सरायच्या खाली हाये."

मी म्हणालो, ट्रंक माझ्या गाडीत ठेवा, दहा मिनिटांत केंद्रावर पोचवतो. झाडे सरांचा चेहरा असा झाला की जणू मी प्रश्नपत्रिका वाटून घेऊ म्हणालो. "खाजगी वाहन? लेखी परवानगी लागते, भोयरबाबू. मांगच्या साली एका सरायनं मोटरसायकलवर पाकिटं नेली. पेपर फुटला नाई, पण सर अजून चौकशीले जाऊन राह्यले."

शेतं तूर-कापूस काढून मोकळी पडलेली. दूरवर एक बैलजोडी नाही की माणूस नाही. तिकडे तीनशे पोरं हातात पट्टी-पेन्सिल घेऊन रांगेत उभी राहायला लागली असणार. पेपर उशिरा सुरू झाला की वर कळवावं लागतं, आणि वर कळलं की खाली काय होतं हे मला माहीत होतं. जास्त उशीर झाला तर पेपर पुढे ढकलायचा आणि पोरांनी सगळी धडधड पुन्हा पहिल्यापासून भोगायची. आणि खोटं कशाला सांगू, या काळजीच्या खाली कुठेतरी एक आनंदाची उकळीही होती.

"नीलेश," मी म्हणालो, "बॅटरी बसली ना?"

"पुरी झोपली, साहेब."

"बाजूला हो."

माझी गाडी भरावावरून खाली उतरणं शक्य नव्हतं आणि केबल तेवढी लांब नव्हती. म्हणजे बॅटरीच खाली न्यायची. मी डिकी उघडली. पोतं काढलं, गोधडी उलगडली. झाडे सरांनी ट्रंकेवरूनच मान लांब करून विचारलं, "हे काऊन ठेवता तुमी?" चार महिने लोक मला हेच विचारत होते.

पेटी मोडकळीला आली होती, म्हणून मी बॅटरी तशीच छातीशी धरून भराव उतरलो. दोनदा घसरलो, पण ती सोडली नाही. खाली आलो आणि केबल हातात घेतली. अंगणात चार मिनिटांत होणारं काम मला आठवेना. तेवढ्यात हवालदार म्हणाले, "लाल काळ्याले लावा." झाडे सर म्हणाले, "थांबा, विज्ञानाच्या पुस्तकात एक आकृती हाये." मी केबलच्या गुंडाळीत खोचलेला रूपालीचा कागद उलगडला. तिच्या ठळक अक्षरात पहिलीच ओळ होती : 'बाबा, आधी चष्मा लावा.'

चष्मा लावला. सगळं आठवलं. लाल रिबिनीचा चिमटा इकडच्या प्लसला, तिकडच्या प्लसला. मग बिनरिबिनीचा. नीलेशने स्टार्टर मारला. जीप घुं-घुं-घुं करून जागची हलली, खोकली, आणि गप्प झाली.

"पोचून नाई राह्यला जोर," नीलेश म्हणाला. "लहान गाडीची बॅटरी हाये, साहेब."

दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी वर माझ्या गाडीकडे पाहिलं. तिच्यातली चांगली, नवी, भरलेली बॅटरी मी काढली तर मी स्वतः भर उन्हात बिनबॅटरीचा उभा राहणार होतो, तेही अल्लीपूरच्या रस्त्यावर, जिथे मला धक्क्यावाले जवाई म्हणतात. मी पाना घेतला आणि बॅटरी सोडवली. नीलेश धावत आला आणि आम्ही दोघांनी ती खाली आणली. दोन्ही बॅटऱ्या शेजारी ठेवल्या, प्लसला प्लस, मायनसला मायनस. जोडायला तार कमी पडली तेव्हा नीलेशने जीपमधल्या टो-चेनचा, म्हणजे गाडी ओढायच्या साखळीचा, तुकडा पुढे केला. मी नको म्हणालो, आणि पाना दोन्ही बॅटऱ्यांच्या मायनसवर आडवा टेकवून स्वतः दाबून धरला. ठिणगी उडाली. हवालदार दोन पावलं मागे सरले. झाडे सर ट्रंकेवरून उठले! मग आठवून लगेच बसले.

"मार!" मी ओरडलो.

घुं. घुं-घुं. घुं-घुं-घुं-धडाड! जीपने काळ्या धुराचा लोट सोडला आणि निंबावरचे सगळे पक्षी उडाले. आयुष्यात इतका गोड धूर मी कधी खाल्ला नाही. नीलेश एकदम खाली उतरला आणि त्याने माझे दोन्ही काळे हात आपल्या हातात धरले. "साहेब, बंद करत नाई आता. जिंदगीभर बंद करत नाई!"

ट्रंक चढली, सर चढले, हवालदार चढले, जीप भराव चढून गेली. मी दोन्ही बॅटऱ्या वर नेल्या, नवी जागेवर बसवली आणि किल्ली फिरवली. गाडी एका किल्लीत सुरू झाली. त्या दिवशी मला तिचा राग आला नाही.

पावणेअकराला मी केंद्रावर पोचलो, तेव्हा पाकिटं उघडायची तयारी चालली होती. अकराची घंटा अकरालाच झाली. तीनशे माना एकदम प्रश्नपत्रिकेवर झुकल्या. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने पहिला प्रश्न वाचला, तिच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं आणि ती लिहायला लागली. मी वर्गाच्या दाराशी उभा होतो. छाती भरून आली म्हणून हात ठेवायला गेलो, तर बोट थेट बनियनला लागलं. नव्या शर्टाला पोटापासून खांद्यापर्यंत बारीक बारीक भोकं पडली होती. बॅटरीतलं ॲसिड. मुलांनी तीन तास कॉपी केली नाही, आणि त्याचं श्रेय मी प्रामाणिकपणे त्या शर्टाला देतो. त्यांची नजर दुसरीकडे जातच नव्हती.

पेपर सुटल्यावर झाडे सरांनी अहवाल लिहिला. त्यांच्या खांद्यावरून मी वाचलं : 'मार्गात वाहनात किरकोळ बिघाड उद्भवला होता. तो दूर करण्यात आला.'

करण्यात आला! मी वीस वर्षं हीच भाषा लिहितो. रस्ता दुरुस्त करण्यात आला, विहीर खोदण्यात आली. त्या 'आला'च्या मागे कधी कोणी माणूस असेल, त्याचा शर्ट जळला असेल, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

"सर," मी म्हणालो, "एखादं नाव..."

झाडे सरांनी पेन खाली ठेवलं. "भोयरबाबू, मले का वाटत नाई? पण शासकीय वाहनाले खाजगी बॅटरी लावली असं वर गेलं, तर चौकशी लागन. तुमच्यावर भी अन् माह्यावर भी." मग ते खुर्चीतून उठले. सकाळपासून त्या माणसाला मी स्वखुशीने उठताना पहिल्यांदा पाहत होतो. त्यांनी सगळ्या शिक्षकांसमोर मला वाकून नमस्कार केला. मी अहवालावर सही केली.

घरी आलो तेव्हा दिवस कलला होता. सुलोचनाने शर्ट पाहिला आणि कमरेवर हात ठेवले. मी सगळं सांगितलं. अगदी थोडक्यात सांगायचं ठरवलं होतं, पाऊण तास लागला. तिने शर्ट घेतला आणि ती आत गेली. मला वाटलं, आता याचं फडकं होणार.

सकाळी पेपर वाचत बसलो होतो. आमचे कपडे नेहमी मागच्या अंगणात वाळतात. पण त्या दिवशी तो शर्ट पुढच्या फाटकाजवळच्या दोरीवर होता, छाती रस्त्याकडे करून, सूर्य सगळ्या भोकांतून आरपार आलेला. कुंपणापलीकडून प्रमिलाबाईंचा आवाज आला, "काय वो सुलोचनाबाई, उंदरानं कुरतडला का?"

"उंदरानं कायले?" सुलोचना एवढ्या मोठ्याने म्हणाली की समोरच्या घरातूनही दोघं बाहेर आले. "इकडं या, तुमाले सांगतो. अन् सदाशिवरावायलेही बलवा. तीनशे लेकरायचा पेपर होता..."

मी वर्तमानपत्र आणखी थोडं वर धरलं आणि एकही ओळ न वाचता ऐकत बसलो. भराव मी सांगितला होता त्यापेक्षा बराच उंच झाला होता. मी तो कमी केला नाही.